चावी फिरवलीत का?

आमच्या गॅरेजचा फोन माझ्याकडे असतो. गाडीखाली झोपलेल्या माणसाचे हात ग्रीसने बरबटलेले, त्याला फोन घेता येत नाही. म्हणून लग्न होऊन वाईत आले आणि थोड्याच दिवसांत फोन माझ्या हातात आला. बिलं, पार्टच्या ऑर्डरी, जीएसटी हे सगळं बी.कॉम. झालेली सून म्हणून आपोआप गळ्यात पडलंच होतं. सुरूर फाट्यापासून वाई आणि वाईपासून पसरणी घाट चढून पाचगणी, एवढ्या टापूत कुणाची गाडी रस्त्यात उभी राहिली की ढाबेवाले, पंक्चरवाले, पंपावरची मुलं आमचा नंबर देतात. मग गाडीवाल्याचं पहिलं वाक्य मला ऐकायला मिळतं.

ते वाक्य बहुतेक वेळा असं असतं : “काही केलं नाही हो, आपोआप बंद पडली.”

गाडी आपोआप बंद पडते, नाही असं नाही. बेल्ट तुटतो, पंप जातो, उंदीर वायर कुरतडतो. पण सहलीला निघालेल्या, धुतलेल्या-पुसलेल्या गाड्यांच्या बाबतीत बरेचदा कुणीतरी काहीतरी केलेलं असतं, ते फार साधं असतं, आणि ज्याने केलं तो शेजारीच उभा असतो. फोन मात्र त्याची बायको करते. हे मला सुरुवातीला कळत नसे. गाडी चालवणारा पुरुष, गाडीची माहिती त्याला, मग फोनवर बाई कशी? आता बाईचा आवाज आला की मी वही पुढे ओढते आणि प्रश्नांचा क्रम बदलते.

घाटातलं उदाहरण घ्या. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास आहे, पाचगणी तेराशेच्या. मधली सगळी उतरण दहा-बारा किलोमीटरच्या वळणांत. रविवारी संध्याकाळी स्ट्रॉबेरीच्या पेट्या भरून लोक खाली उतरतात आणि फोन येतो, “ब्रेक फेल झाला.” मी विचारते, “जळका वास येतोय का?” येत असतो. “कुठल्या गिअरमध्ये उतरलात?” यावर थोडी कुजबुज होते. गाडी न्यूट्रलमध्ये सोडलेली असते, पेट्रोल वाचावं म्हणून, आणि सगळा भार ब्रेकवर. आपल्याकडे ही समजूत वडिलांकडून मुलाकडे येते. कार्ब्युरेटरच्या काळात तिला थोडाफार आधार असेलही. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर टाकून अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंजिनाला जाणारं इंधन कॉम्प्युटर बंदच करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते पाजावंच लागतं. म्हणजे वाचवायला जाऊन जास्तच जळतं, आणि वर ब्रेक तापतात. डॉट ३ जातीचं ब्रेक ऑइल नवं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. हवेतली ओल शोषून जुनं झालं की तोच आकडा १४०वर येऊ शकतो. ते उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल जमिनीला टेकतं. काही महाभाग उतारावर इंजिनच बंद करतात. मग दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचा बूस्टर रिकामा होतो आणि पेडल दगड होतं. हे सगळं फोनवर सांगायची ती वेळ नसते. “हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, चाकावर पाणी मारू नका, निवू द्या,” एवढंच सांगते.

पण लाज ज्याला म्हणतात ती खरी बघायची तर चुकीच्या इंधनात बघावी. ब्रेक जळणाऱ्याला घाटाचं कारण असतं. टाकीत चुकीचं तेल भरणाऱ्याला काहीच कारण नसतं. झाकणावर लिहिलेलं असतं, पंपावर लिहिलेलं असतं, पावतीवर छापलेलं असतं.

दर लग्नसराईत असा एखादा फोन येतोच. त्यातला एक मे महिन्यातला, भर दुपारचा. “ताई, आमची गाडी झटके खात होती, आता चालूच होत नाही.” मागे माणसांचा गलका, आणि एक दणदणीत आवाज, “सांग त्यांना, पंपवाल्याने डिझेल भेसळीचं दिलंय!”

डिझेल गाडीत पेट्रोल गेलं की ती लगेच बंद पडत नाही. पाइपात, फिल्टरमध्ये जुनं डिझेल असतं, त्यावर ती थोडी जाते. मग खडखड सुरू होते, ताकद जाते, धक्के बसतात आणि कुठेतरी रस्त्याच्या कडेला संपतं. वर्णन तंतोतंत तेच होतं. तरीही “पेट्रोल भरलंत का?” असं मी विचारत नाही. कुणीही “नाही” म्हणतो. एकदा “नाही” म्हटलं की माणूस त्याला चिकटून राहतो, आणि मग गाडी उघडेपर्यंत खरं काही हाती लागत नाही. मी पावतीचं विचारते.

“पावती आहे ना? त्यावर लिटरचा दर काय लिहिलाय, तेवढा वाचून दाखवा.”

आपल्याकडे पेट्रोल शंभरीच्या वर गेलं तेव्हापासून ही सोय झाली आहे. डिझेल नव्वदीत, पेट्रोल शंभरीपार. बाईंनी पर्समधून पावती काढली असावी. “एकशे चार रुपये...” म्हणाल्या आणि थांबल्या. मग अगदी हळू, “अगं बाई गं.” मागचा दणदणीत आवाज एकदम बंद झाला. त्यांनी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फक्त म्हणाले, “आता चावीला हात लावू नका. माणूस पाठवते.”

चावीचं मी इतकं का लावून धरते, ते सांगायला हवं. हल्लीच्या डिझेल इंजिनात कॉमन रेल नावाची भानगड असते. एक पंप डिझेल इतकं दाबतो की दाब सोळाशे बार आणि त्याच्याही वर जातो. चाकातल्या हवेच्या सातशे पट धरा. या पंपाला वेगळं ऑइल नसतं. डिझेलमध्ये स्वतःचा जो ओशटपणा असतो त्यावरच तो चालतो. पेट्रोल अंगाने कोरडं. ते आत गेलं की धातूवर धातू घासतो आणि बारीक चुरा सुटतो. तो चुरा पुढे रेलमध्ये, इंजेक्टरमध्ये आणि परतीच्या पाइपाने पुन्हा टाकीत जातो. पंपावरच चूक लक्षात आली आणि चावी फिरवलीच नाही, तर टाकी रिकामी करणं, फिल्टर बदलणं, नवं डिझेल, काही हजारांत सुटका. कित्येक गाड्यांत नुसती चावी ‘ऑन’ला नेली तरी टाकीतला छोटा पंप तेल पुढे ढकलतो, म्हणून तेवढीही नको. आणि बंद पडलेली गाडी चालू करायची म्हणून पुन्हा पुन्हा सेल्फ मारला, तर खर्च लाखावर जातो. आमच्याकडचे तात्या, जुने मिस्त्री, हे मानायला तयार नसत. त्यांचं आयुष्य जुन्या जीप आणि कमांडरच्या इंजिनांत गेलेलं. त्या पंपांना थोडं रॉकेल, थोडं पेट्रोल पचायचं. “तेव्हाची इंजिनं माणसासारखी होती, आजारी पडायची पण मरायची नाहीत,” म्हणायचे.

तर ती गाडी. आमचे हे आणि एक पोरगा पिकअप घेऊन गेले, आणि टोचन लावून ती गॅरेजात आणली. नवरदेवाच्या मामांनी ती चालवली होती. मामांची स्वतःची गाडी पेट्रोलची. ही व्याह्यांची, तेच मॉडेल, तोच पांढरा रंग, पण डिझेल. वाटेत फोनवर आचाऱ्याशी श्रीखंडाचा हिशेब चालला होता. काच अर्धी खाली करून “फुल्ल कर” म्हणाले आणि पुन्हा श्रीखंडाकडे वळले. व्याह्यांची गाडी, हे फार महत्त्वाचं. स्वतःची असती तर मामा इतके गप्प झाले नसते.

टाकी रिकामी करायची म्हणजे नळी घालून तेल ओढून घ्यायचं, असं लोकांना वाटतं. भरायच्या नळीत आत जाळी असते, पाइप जात नाही. बऱ्याच छोट्या गाड्यांत मागची सीट उचलावी लागते. खाली गोल झाकण असतं, ते काढून टाकीतला पंप बाहेर घ्यायचा. आणि मागच्या सीटवर काय नव्हतं! रुखवताची टोपली, करंज्यांचे डबे, पैठणीच्या पिशव्या, कुणाच्या तरी तान्ह्या बाळाचा पाळणा, फेटे. एकेक वस्तू बाहेर काढून आम्ही गॅरेजातल्या टेबलावर, टायरच्या चळतीवर, माझ्या काउंटरवर मांडली. रुखवतातला साखरेचा बंगला माझ्या बिलबुकावर बसला. पेट्रोलचा वास पैठण्यांना लागेल म्हणून एक आजी त्या उराशी धरून पार रस्त्यापलीकडे जाऊन बसल्या. बरंच केलं. पेट्रोलची वाफ थंडीतही पेट घेते, इथे तर मे महिना. टाकी उघडली की ठिणगीही चालत नाही. वऱ्हाडातल्या एका पाहुण्याने सवयीने सिगारेट काढली तेव्हा यांनी ती त्यांच्या तोंडातूनच काढून घेतली. पाहुणे रागावले. मामा मात्र तेवढ्यापुरते तरतरीत झाले, कारण घोळात दुसरं कुणीतरी चुकलं होतं.

“बंद पडल्यावर सेल्फ किती वेळा मारला?” यांनी विचारलं.

“एकदा. फार तर दोनदा.”

“मामा, बॅटरी उतरेस्तोवर मारत होता की,” भाचा म्हणाला. बारा-तेरा वर्षांचा असेल. त्याच्याकडे सगळ्या वऱ्हाडाने असं बघितलं की बिचारा फेट्यांच्या ढिगामागे गेला.

फिल्टर उघडला आणि त्यातलं तेल पांढऱ्या भांड्यात ओतून उन्हात धरलं. चमचम करत होतं. तो चुरा ओळखायला मिस्त्री लागत नाही, मलाही येतो. पंप आणि इंजेक्टर पुण्याला तपासायला पाठवावे लागणार होते. वऱ्हाड दुसऱ्या गाड्यांत कोंबून पुढे गेलं. अक्षता गाठल्या म्हणे त्यांनी.

त्याआधी आणखी एक प्रकार झाला. दोन तरणी पोरं मोटरसायकलवरून पंपाकडे निघाली होती, तिथल्या मुलाला “जाब विचारायला”. म्हणजे मारायला. मी त्यांना थांबवलं. फार काही धाडस नाही, एवढंच म्हणाले की पंपावर कॅमेरे असतात, तुम्ही काय करता तेही दिसेल आणि मामा गाडीतून उतरले होते का तेही दिसेल. मामांनीच मग “जाऊ द्या रे” म्हटलं.

यात पंपावरच्या मुलाची चूक नाहीच असं मी म्हणणार नाही. झाकण उघडताना आतला ‘डिझेल’ शब्द त्याच्या डोळ्यांसमोर असतो. पण दिवसभर उन्हात, वाफेत उभा राहून “झिरो बघा” म्हणणारा तो पोरगा, आणि एसी लावून काच अर्धी खाली करणारा गाडीमालक, या दोघांत गाडी कुणाला जास्त ठाऊक असायला हवी? पगारातून नुकसान कापलं जातं ते त्याच्या. शिव्या त्याला. कधी नोकरीही जाते. इतक्या वर्षांत माझ्या काउंटरवर उभं राहून “मी बोललो नाही, माझं लक्ष नव्हतं” असं स्वतःहून म्हणणारे फार थोडे भेटले, आणि त्यातल्या बहुतेक बायका होत्या. बायका जास्त प्रामाणिक असतात म्हणून नव्हे. गाडीतलं आपल्याला सगळं कळतं असा आव त्यांना कुणी आणायला लावलेलाच नसतो.

बिलाची गंमत पुढे आली. मामा एकटेच आले, तेही दुपारच्या जेवणाच्या वेळी, गॅरेजात कुणी नसताना. बिलावर ‘टाकीत पेट्रोल आढळले’ हे शब्द नकोत, ‘डिझेलमध्ये पाणी’ असं लिहा म्हणाले. व्याह्यांना दाखवायचं होतं, शिवाय विम्यातून काही निघतंय का तेही बघायचं होतं. साध्या विम्यात चुकीचं इंधन भरल्याचं नुकसान सहसा मिळत नाही, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ‘पाणी’ लिहिलं तर पंपावर ढकलता येईल असा तो हिशेब होता. मी नाही म्हटलं. पाणी लिहिलं की उद्या कुणीतरी त्या पंपावर कागद घेऊन उभं राहणार, आणि पुन्हा तो पोरगाच सापडणार. ‘टाकी व इंधनप्रणाली साफ करणे, पंप व इंजेक्टर दुरुस्ती’ एवढं लिहिते म्हटलं, कारण ते खरंच होतं. कारणाचा रकाना आमच्या बिलात नाहीच. मामांनी बिल न वाचताच त्याची घडी घातली आणि ते खिशातल्या आहेराच्या रिकाम्या पाकिटात ठेवलं.

मामांची ती लाज होती. दुसरी एक गोष्ट मात्र लाजेची नव्हती, आणि तिचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

रात्री उशिरा फोन आला. एक टुरिस्ट गाडीचा ड्रायव्हर, आवाज दाबलेला. पहिल्याच दमात त्याने सगळं सांगितलं : “ताई, निळं पाणी डिझेलच्या टाकीत गेलं. चावी फिरवली नाही. गाडी ढकलून बाजूला घेतलीय.” बीएस ६च्या कित्येक डिझेल गाड्यांत धूर साफ करायला एक वेगळं द्रावण लागतं, डीईएफ म्हणतात त्याला. साडेबत्तीस टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. त्याचं निळं टोपण काही गाड्यांत डिझेलच्या टोपणाला खेटूनच असतं. थकलेल्या माणसाने अंधारात कॅन उपडा केला आणि टोपण चुकलं, इतकंच. डीईएफ डिझेलमध्ये मिसळत नाही, खाली बसतं, गंज चढवतं आणि जिथे सुकेल तिथे युरियाचे पांढरे खडे धरतात. पेट्रोलपेक्षाही वाईट. पण या माणसाने अगदी जे करायचं तेच केलं होतं. मामांसारखा एक शब्दही लपवला नव्हता.

नंतर म्हणाला, “फक्त मालकांना कळू देऊ नका.”

त्याचा पगार किती, मुलं किती, हे त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मागे त्याच मालकाने एका ड्रायव्हरकडून आरशाचे पैसे कापून घेतलेले आम्हाला माहीत होते. टाकी उतरवली, धुतली, फिल्टर बदलला, पहाटेपर्यंत गाडी रस्त्यावर. पैसे तो हप्त्याने देणार म्हणाला आणि दिलेही, कधी थोडे, कधी बऱ्याच खंडाने. पुढे मालकाचा फोन आला. जीपीएसवर गाडी रात्रभर वाईत दिसत होती. “त्या रात्री गाडी तुमच्याकडे कशाला होती हो, वहिनी?”

“टाकी साफ केली,” मी म्हटलं.

“का?”

“कचरा होता.”

मालकही आमचंच गिऱ्हाईक. त्याच्या सगळ्या गाड्या आमच्याकडे येतात. गाडी त्याची, तिच्यात काय झालं हे जाणून घ्यायचा हक्क त्याचा. मामांना ‘पाणी’ लिहून द्यायला मी नकार दिला आणि इथे ‘कचरा’ म्हणाले, यात फरक काय, असं यांनी मला विचारलं. मी म्हटलं, तिथे दुसऱ्यावर ढकलायचं होतं, इथे कुणावर ढकललेलं नाही. हे म्हणाले, मालकाला फसवलंसच ना. पुढचे दोन दिवस आमच्यात यावरून धुसफूस होती. खरं सांगितल्यावर मालकाने पैसे कापले नसते, तर मी खरं सांगितलं असतं, हे माझं उत्तर. ते यांना पटत नाही, आणि पटत नाही हे मलाही कळतं.

या सगळ्यातून एक काम निघालं. साताऱ्यातल्या एका छपाईवाल्याकडून मी पिवळी गोल स्टिकरं करून आणली, मोठ्या काळ्या अक्षरांत ‘डिझेल’. सर्व्हिसिंगला येणाऱ्या प्रत्येक डिझेल गाडीच्या टाकीच्या झाकणावर, बाहेरच्या बाजूला, आम्ही ते लावायला लागलो. लोकांना ते आवडेना. नव्या गाडीवर कशाला, रिक्षासारखं दिसतं, आम्हाला कळत नाही का आमच्या गाडीत काय भरतात? एकाने आमच्यासमोर नखाने खरवडून काढलं. ड्रायव्हर ठेवणारे मालक मात्र खुशीने लावून घेतात. ते त्यांना दुसऱ्यासाठी आहे असं वाटतं. आता मी आधीच विचारते, “बाहेर लावू की आत?” बहुतेक जण “आत” म्हणतात. आत तर आत. झाकण उघडलं की पंपावरच्या पोराला ते वाचता येतं.

व्याह्यांची ती गाडी पुढच्या सर्व्हिसिंगला आली तेव्हा खुद्द व्याहीच घेऊन आले होते. झाकणाच्या आतला पिवळा गोल बघून म्हणाले, “हे काय नवीन?” मी म्हटलं, “सगळ्यांनाच लावतो.” त्यांनी बिल वाचलं, अगदी ओळ न् ओळ, चष्मा लावून. मग विचारलं, “स्टिकरचे पैसे नाही लावले?” लावत नाही म्हटलं. लावायचे तर बिलात एक ओळ वाढवावी लागेल, आणि मग लोक विचारणार, हे कशासाठी.